मग धार कोण काढणार?

मुलीचा जर्मनीहून फोन आला तेव्हा मी नुकतीच कामावरून येऊन, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले होते. ती म्हणाली, "आई, यंदा मे महिन्यात तुम्ही सगळे इकडे या. आधी स्वित्झर्लंडचे डोंगर, मग इटलीचा समुद्रकिनारा आणि शेवटी ग्रीसची बेटं. मी मोठी सुट्टी काढते. तिकडून किती जण येणार तेवढं सांग."

फोन स्पीकरवर होता. आमचे हे म्हणाले, "तिघं." थोरले दीर ओसरीवर विडी ओढत होते. त्यांना घरात काय नि गावात काय, सगळे भाऊ म्हणतात. तेही आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "तिगं." आणि चुलीपुढं भाकरी थापत असलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, मान वर न करता म्हणाल्या, "तिगंच की."

घरात माणसं चार.

माझ्या नाकावर राग असतो हे आख्ख्या आंदर मावळाला ठाऊक आहे, त्यामुळे पुढं काय झालं ते सविस्तर सांगत नाही. घमेलं उलटलं एवढं खरं. "मोजता येतं का कुणाला ह्या घरात?" मी ओरडले. ह्यांनी घाबरून खरंच बोटांवर मोजलं. भाऊ म्हणाले, "आगं, ती कुटं येती? तिला कुटं करमतंय दुसरीकडं?" अक्कांना दुसरीकडं करमतं की नाही हे भाऊंना कसं कळलं, देव जाणे, कारण माहेर सोडलं तर दुसरीकडं त्यांना कुणी नेलंच नव्हतं.

ह्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि राग त्याचाच जास्त आला. आमच्या घराला कुलूप लागत नाही. लावायचं म्हटलं तरी लागणार नाही, दाराला बाहेरून कडीच बसवलेली नाही. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाच सुताराला सांगितलं होतं म्हणे, की बाहेरची कडी नको. कुणाच्या घराला कुलूप लागो म्हणणं ही आमच्याकडची सगळ्यांत वाईट शिवी. घर उघडं पाहिजे, दिवेलागणीला देवापुढं दिवा पाहिजे, गोठ्यात माणसाचा आवाज पाहिजे. म्हणजे कुठंही जायचं तर मागं एक माणूस राहिलं पाहिजे. ते माणूस म्हणजे अक्का. लग्नकार्य असो, देवीची जत्रा असो, माझ्या मुलीचा पदवीचा समारंभ असो, आम्ही ठेवणीतले कपडे घालून जीपमध्ये बसायचो आणि अक्का ओट्यावर उभ्या राहायच्या. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिथं कुणी माणूस उभं आहे हेच दिसेनासं झालं होतं.

मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कला आहे. गावातून सकाळी जीप, कामशेतहून लोकल, आणि संध्याकाळी उलटं. मुलगी पाच महिन्यांची असल्यापासून हे चालू आहे. ते कसं जमलं असं लोक विचारतात तेव्हा मी सरळ सांगते, जाऊ चांगली मिळाली म्हणून जमलं. अक्कांना मूल झालं नाही. माझं मूल त्यांनी वाढवलं, आणि एकदाही, अगदी भांडणातसुद्धा, ते मला बोलून दाखवलं नाही. पोरगी आजही जर्मनीहून फोन केला की आधी विचारते, "अक्का कुठंय?" मग माझा नंबर.

त्या हॉटेलात मी सहलीला आलेली इतकी कुटुंबं बघितलीत की माणसं गाडीतून उतरली की मला कळतं, ह्यांच्यात खोलीवर कोण बसणार. एक बाई असतेच. सगळे टायगर पॉइंटला गेलेले असतात आणि ती लॉबीत सोफ्यावर बॅगा राखत बसलेली असते. "नाही गेलात का?" म्हटलं की हसते. "मला काय, हिथंच बरं वाटतं." मी त्यांना चहा द्यायची आणि वर्षानुवर्षं मनात म्हणायची, कप्पाळ बरं वाटतं तुम्हाला. तेव्हा आता माझ्याच घरातलं मोजमाप तिघांवर थांबलं म्हटल्यावर मी डोक्यात राख घालून घेतली नसती तर नवल होतं. मुलीला त्याच फोनवर सांगितलं, चार. अक्का भाकरी उलटत म्हणाल्या, "ही येडी झालीया. मग धार कोन काडनार?"

घोडं तिथंच पेंड खाणार होतं, पण ते कळायला वेळ लागला. आधी आखणी सुरू झाली.

आमचे हे आंबीला कंपनीत आहेत. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून असा बेत केला की सकाळी एक शिखर, दुपारी दुसरं, रात्री रेल्वेत झोप, उठल्यावर इटली. मी म्हटलं, ह्याला सहल म्हणत नाहीत, ह्याला पॉइंट मारणं म्हणतात. लोणावळ्याला लोक असेच येतात. एका दिवसात सगळे पॉइंट मारतात, आणि परत जाताना मला विचारतात की ते पाणी होतं ते कुठल्या पॉइंटला होतं. मी सगळं खोडलं. डोंगरातलं एक गाव, किनाऱ्यावरचं एक गाव, आणि एक बेट. प्रत्येक ठिकाणी नीट राहायचं, दुपारी झोपायचं, आणि हॉटेलातल्या पोरींशी नीट बोलायचं. हे शेवटचं मी ह्यांना दोनदा बजावलं. चादर घडी करून ठेवायची, गाडीतून केळाचं साल फेकायचं नाही, आणि "आमच्याकडं असं असतं" हे वाक्य तीन देशांत कुठंही उच्चारायचं नाही.

भाऊंची अट वेगळी. "राब भाजून झालं की निगायचं आन् मिरगाच्या आत घरी." म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजून तयार असली पाहिजे आणि पेरणी चुकता कामा नये. मे महिना त्यात बरोबर बसला. पण चिडवायचं काही त्यांनी सोडलं नाही. "डोंगर बगायला इमानात बसायचं? मागल्या दारानं बग की. फुकाट हाय." मी म्हटलं, "भाऊ, मागच्या दाराच्या डोंगरावर मेमध्ये बर्फ दाखवा, मी तिकीट फाडते." दुसऱ्या दिवशी भाऊच गावात सगळ्यांना सांगत होते, आमी बर्फ बगायला चाललोय म्हणून.

अक्का ह्या सगळ्यात नसायच्या. म्हणजे असायच्या, पण तांदूळ निवडत. रोज रात्री जेवणं झाली की मुलगी व्हिडिओ कॉल करायची आणि जागा दाखवायची. डोंगर दाखवले, अक्का सुपात. किनारा दाखवला, अक्का सुपात. मग एके रात्री तिनं बेट दाखवलं. निळ्या पाण्यात एक उघडी टेकडी, आणि टेकडीवर पांढरीशुभ्र घरं, एकावर एक चढलेली. अक्कांचे हात थांबले.

"त्या टेकडीव मानसं ऱ्हात्यात?"

"हो अक्का."

"बारमास?"

"हो."

"आन् गोडं पानी कुटनं येतं त्यास्नी?"

मुलीला माहीत नव्हतं. ती म्हणाली, विचारून सांगते. अक्कांनी आणखी विचारलं, गुरं चरायला आहेत का, मयत झालं तर कुठं नेतात, पोरी देताना पलीकडच्या गावाला देतात की बेटावरच. पोरीची दमछाक झाली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठून भांडी आवरायला लागले, कारण मी बोलले की विषय बिघडतो, एवढं मला वयानं शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परसात शेणी लावत होतो तेव्हा त्या आपणहून बोलल्या. त्यांचं माहेरचं जुनं गाव धरणात गेलं. गाव खाली गेलं, पण गावाला लागून असलेली टेकडी मात्र पाण्याच्या मधोमध वर राहिली. लहानपणी त्या तिच्यावर गुरं घेऊन जायच्या, करवंदं खायच्या. "अजून दिसती. भवती पानी, वर कोन बी न्हाई. माह्यारी दिसापुरती गेले की काठाव हुबी ऱ्हाती आन् बगत बसती. मला वाटायचं, पानी आलं म्हंजी टेकडी मेली. तितं मानूस ऱ्हानार न्हाई." त्यांनी शेणी भिंतीला थापली. "आन् ही मानसं ऱ्हात्यात म्हनं. चुली पेटत्यात. मला ते बगायचंय ग. येकदाच."

त्यांच्या तोंडून "मला बगायचंय" मी ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. काय लागेल ते करायचं, पण ही बाई त्या बेटावर उभी राहिली पाहिजे, असं मी त्या शेणाच्या हातांनीच ठरवलं.

पासपोर्ट काढला. फोटोवाला म्हणाला, पदर मागं घ्या, कान दिसले पाहिजेत. अक्का म्हणाल्या, "कान बगून काय करत्यात?" चौकशीला घरी पोलीस आला, त्यानं विचारलं, "मावशी, परदेशात कशासाठी जाताय?" तर ह्या म्हणाल्या, "मी न्हाई बाबा जात. ह्यांनी काडायला लावलाय." मी आतून दुधाचं पातेलं घेऊन पळत आले. तो बिचारा हसला, चहा पिऊन गेला.

पण म्हैस काही हसून जाणारी नव्हती. आमची म्हैस अक्कांशिवाय कुणालाच हात लावू देत नाही. ह्यांनी एकदा प्रयत्न केला होता, चरवी गोठ्याच्या बाहेर सापडली. भाऊंना तर ती लांबूनच शिंग दाखवते. मी जवळ गेले तर पान्हाच सोडत नाही, नुसती बघत राहते, जणू मीच दूध द्यायचं आहे. आणि अक्कांचं एकच पालुपद, "मग धार कोन काडनार? कास तटून जनावर मरल. तुमी जा."

हे वरच्या वाडीतल्या मावशीच्या कानावर गेलं. डोंगराच्या कडेला आमच्या वर ठाकरांची वाडी आहे, तिथली ही. अक्कांची आणि तिची सावड आहे फार जुनी. म्हणजे भातलावणीला अक्का तिच्या खाचरात जायच्या आणि ती आमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही, नुसता हाताला हात. मधे मावशीचा पाय मोडला होता. त्या पावसाळ्यात तिचं सगळं खाचर अक्कांनी एकटीनं लावलं होतं. मावशी आली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "मी येती ऱ्हायला. दिवा मी लावीन, म्हस मी बगीन. तू जा."

"ती म्हस तुला लाथाडल," अक्का म्हणाल्या.

"तुजं लुगडं दे येक. न धुतलेलं."

आमच्याकडचे लोक हे करतात. जनावर माणूस डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त ओळखतं. तेव्हा रोजच्या धारेकरणीचं अंगावरचं लुगडं दुसरीनं नेसायचं, डोक्यावरून पदर पुढं ओढायचा, तोंडानं तेच गाणं पुटपुटायचं, आणि खाली बसायचं. मी हे ऐकून होते, बघितलं नव्हतं. निघायच्या आधी आठवडाभर मावशी रोज संध्याकाळी यायची, अक्कांचं हिरवं लुगडं नेसायची आणि गोठ्यात जायची. पहिल्या दिवशी म्हशीनं शेपटी मारली. दुसऱ्या दिवशी मान वळवून हुंगलं. तिसऱ्या दिवशी चरवीत धारेचा आवाज आला, चांगला जाड, आणि आम्ही सगळे ओट्यावर लग्नात अक्षता पडल्यासारख्या टाळ्या वाजवायला लागलो. भाऊ म्हणाले, "फितूर झाली की रं!"

अक्का टाळ्या वाजवत नव्हत्या. आत निघून गेल्या.

त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी भरलेली बॅग उघडली, स्वतःच्या साड्या काढून पुन्हा ट्रंकेत ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "माजं तिकीट परत कर." मी विचारलं काय झालं, तर काही नाही. ह्यांनी विचारलं, काही नाही. भाऊ म्हणाले, "न्हाई तर न्हाई, कशाला जबरदस्ती?" आणि त्यांना मी जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

दुपारी मी गोठ्यात गेले. त्या म्हशीच्या पाठीवर पाणी टाकत होत्या. मला न बघताच बोलल्या.

"तीन दिसात इसरली. लुगड्यालाच पान्हा सोडती म्हंजी, माज्याकडं बगतच नव्हती ती कवा. कुनी बी नेसलं तरी चालतंय." मग पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मग मी येवढी वर्सं कशाला ऱ्हायले ग हितं? कुनी बी ऱ्हायलं असतं. ठाकरवाडीची बाई ऱ्हायली असती. मला वाटायचं, माज्याबिगर हलत न्हाई काय. म्हनून ऱ्हायले. सगळं हलतंय की."

म्हशीनं मान हलवली, तिच्या अंगावरचं पाणी माझ्यावर उडालं. आणि मला रागच आला. एकदम खरा, जुना राग.

"म्हशीचं सोडा," मी म्हटलं. "म्हैस जनावर आहे. मी विचारते ते सांगा. माझी पोर रात्री तापानं फणफणली तेव्हा कुणाचं लुगडं नेसून कोण बसलं असतं तिच्या उशाला? मी लोकलमध्ये होते. दुसरं कुणी बसलं असतं का? ती जर्मनीत बसून आधी तुम्हाला विचारते, मला नाही. ते लुगड्याला विचारते का? अहो, तुम्ही राहिलात म्हणून मी बाहेर पडले. तुम्ही राहिलात म्हणून पोर शिकली. तुम्ही राहिलात म्हणून भाऊ आणि आमचे हे गावोगावच्या जत्रा हिंडले. ह्या घरातलं जे जे कुणी कुठं पोचलं ते तुमच्या पाठीवर पाय देऊन पोचलं. आणि मावशी कशासाठी आली? मी बोलावलं म्हणून? भाऊंनी? ती तुमच्यासाठी आली. मी गेले असते तर ती आली असती का माझ्या म्हशीला?" मग आवाज फुटला माझा. "मला तुमचे उपकार फेडता येणार नाहीत अक्का. फेडायचेही नाहीत. पण मला तुम्हाला एकदा कुठंतरी पोचलेलं बघायचंय."

त्या पुन्हा म्हशीची पाठ चोळायला लागल्या. मग म्हणाल्या, "येवढं ओरडून बोलतीस. दूद आटल तिचं." आणि थोड्या वेळानं, "बरं. साड्या टाक परत. ती जांबळी टाकू नको, रंग जातो."

निघायचा दिवस आला. विमान रात्रीचं होतं, जीप दुपारी बोलावली होती. मावशी सकाळीच आली होती, हिरवं लुगडं नेसून. बॅगा टपावर चढल्या. आणि निघताना अक्का घरातून दह्याची वाटी घेऊन बाहेर आल्या. कुणीही निघालं की त्या हेच करतात, जाणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही आणि साखर. नवी साडी, गळ्यात मुलीनं पाठवलेली पर्स तिरकी अडकवलेली, आणि हातात वाटी. ह्यांच्या हातावर घातलं, भाऊंच्या हातावर घातलं, माझ्या हातावर घातलं. "सावकास जा. पोचल्याव फोन करा." आम्ही दही चाटलं, जीपमध्ये चढलो, दार लावलं. मी खिडकीशी सरकून त्यांच्यासाठी जागा केली.

त्या आल्याच नाहीत. ओट्याच्या पायरीवर उभ्या, एक हात चौकटीवर, आमच्याकडं बघत. थट्टा नव्हती ती. त्या खरोखरच आम्हाला निरोप देत होत्या. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही, तेव्हा मी दार उघडायला हात घातला.

मावशीनं मागून येऊन त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. म्हणाली, "हात आन."

"कुनाचा?"

"तुजा."

अक्कांनी आधी डावा हात पुढं केला, मग तो मागं घेतला, उजवा पदराला पुसला आणि पुढं धरला. मावशीनं दही घातलं. अक्कांनी मूठ मिटली. घट्ट. दही बोटांमधून मनगटावर ओघळलं, नव्या साडीवर पडलं, तरी मूठ उघडेना.

"आगं मूट कशाला मिटतीस? खा की!" मावशी हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "सावकास जा ग माजे बाय. पोचल्याव फोन कर."

भाऊंनी पुढच्या सीटवरून मान बाहेर काढली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच चढा होता.

"आगं ये की! तुज्याबिगर कसं निगायचं?"

आणि अक्का तळहात चाटत चाटत, पर्स सावरत, अनवाणी धावत आल्या. चपला मावशीनं खिडकीतून आत दिल्या.